नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी बंद पडणारा संगणक: नवीन घेण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. मानेवाड्याकडे वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर थेट स्लॅब, पश्चिमेच्या खिडकीत लोखंडी कूलर आणि त्याच्याच समोर कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात पाच वर्षांचा डेस्कटॉप. एप्रिल लागला की दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान संगणक आपोआप बंद होतो. लाईन गेली की यूपीएस मिनिटभरही टिकत नाही. संध्याकाळी वायफाय मधूनच जातं. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या. घ्यायचा का?

नाही. या वर्णनात मदरबोर्ड गेल्याची एकही खूण नाही. तो खरंच गेला असता तर त्यानं जानेवारीतही छळलं असतं. फक्त उन्हाळ्यात आणि फक्त दुपारी उपटणारं दुखणं बहुतेक वेळा तीन ठिकाणी सापडतं: हीटसिंकमधली (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली) धूळ, वाळून गेलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मधला लेप) आणि घरातलं व्होल्टेज. नागपुरात यात चौथी भर पडते ती कूलरची. पण कूलर सगळ्यांना वाटतो त्या कारणानं त्रास देत नाही. त्याचं पुढे सांगतो.

आधी एक हिशेब डोक्यात पक्का करा. खोलीचं तापमान जितकं वाढतं, जवळपास तितकंच प्रोसेसरचं वाढतं. जानेवारीत खोली २२ अंशांवर आणि प्रोसेसर काम करताना ६८ वर असेल, तर तेच काम मे महिन्यात ४३ अंशांच्या खोलीत केलं की प्रोसेसर ८९ वर जाणार. यात अजून धूळ आणि पेस्टचा हिशेब धरलेलाच नाही. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश, एएमडीच्या रायझन ५००० मालिकेची ९० ते ९५. मर्यादा गाठली की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. म्हणून बंद पडायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून संगणक दुपारी रडतखडत चालायला लागलेला असतो, आणि आपण व्हायरसला बोल लावत बसतो. वेग कमी करूनही भागलं नाही तर मदरबोर्ड थेट वीज तोडतो. ती त्याची सुरक्षाव्यवस्था आहे, बिघाड नाही.

आता निदान. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका, सुरू करताना फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडा आणि खालच्या पट्टीतलं लॉगिंगचं बटण दाबून फाईल साठवायला लावा. मग दुपारी नेहमीचं काम करत राहा. बंद पडला की अर्ध्या तासानं चालू करून ती फाईल एक्सेलमध्ये उघडा आणि शेवटच्या दहा-बारा ओळींत प्रोसेसरचा आकडा बघा. तो ९५-१०० च्या घरात असेल तर प्रकरण उष्णतेचं. ६५-७० वर असतानाच अंधार झाला असेल तर प्रोसेसर निर्दोष. मग पॉवर सप्लाय किंवा घरची लाईन. आणखी एक फरक लक्षात ठेवा. उष्णतेनं गेलेला संगणक बहुधा बंद होऊन तसाच पडून राहतो, किंवा लगेच चालू केला तर विंडोज येईपर्यंत पुन्हा जातो. व्होल्टेजच्या धक्क्यानं गेलेला मात्र बरेचदा आपला आपण रीस्टार्ट होतो, आणि त्याच क्षणी ट्यूबलाईट लुकलुकलेली असते किंवा खालच्या मजल्यावर पाण्याची मोटर सुरू झालेली असते.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल नोंद दिसेल आणि कोणीतरी ती दाखवून मोठा खर्च सांगेल. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. का झालं नाही, हे ती सांगत नाही.

सफाई

नागपूरची धूळ साधी नाही. रस्ते आणि इमारतींच्या कामांमुळे तिच्यात सिमेंटची भुकटी असते, आणि कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला राहत असाल तर राखेची. ही भुकटी इतकी बारीक असते की कॅबिनेटच्या जाळीला दाद देत नाही. त्यात कूलरची दमट हवा मिळाली की धूळ सुटी न राहता थर धरते. वरून फुंकर मारून तो थर निघत नाही, इथेच बहुतेकांची सफाई फसते. प्रोसेसरवरचा पंखा स्वच्छ दिसतो, पात्यांवरची धूळ कापडानं पुसलेली असते. पण पंखा आणि त्याखालचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक यांच्या मध्ये राखाडी नमद्याचा एक गोल तुकडा बसलेला असतो. पंख्याचे स्क्रू किंवा क्लिपा काढून तो उचलल्याशिवाय हा थर दिसतच नाही. उचललात की बोटानं धरून अख्खा सोलून निघतो. तो निघाल्यावर बऱ्याच संगणकांचं तापमान १० ते १५ अंशांनी खाली येतं, तेही एक रुपया न खर्चता.

सफाई सकाळी करा, गॅलरीत करा, कूलर चालू असलेल्या खोलीत नको. प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज उतरते. ५०० ते ७०० वॅटचा साधा हातातला ब्लोअर पुरतो. नसेल तर शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडे नक्की असतो. फुटभर अंतरावरून मारा. ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याच्या पात्यात एक काडी अडकवा, तो फिरू देऊ नका. हवेच्या जोरानं पंखा वेड्यासारखा फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं, आणि फिरता पंखा स्वतःच वीज तयार करून बोर्डाकडे उलटी पाठवतो. चिकटलेल्या धुळीसाठी रंगकामाचा केसांचा ब्रश, एक इंची, कोरा. नायलॉनचा नको, त्याच्या घर्षणानं स्थिर वीज तयार होते. याच कारणानं घरचा व्हॅक्यूम क्लीनरही आत घालू नका.

पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, उघडायचा नाही. त्याच्या आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. बाहेरूनच, पंख्याच्या आणि मागच्या जाळीतून, दोन्ही बाजूंनी ब्लोअर मारा. धुळीच्या लोटाबरोबर पालीचं वाळलेलं पिल्लू बाहेर पडलं तर दचकू नका. उबेसाठी त्या तिथेच शिरतात, आणि दोन टोकांवर आडवी पडली की पाल आणि सप्लाय दोघंही जातात. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या हरवल्या असतील तर तिथे जाळी चिकटवा.

पेस्ट

सफाईनंतरही आकडा ८५ च्या खाली येत नसेल तर पेस्ट बदलायची. चार-पाच वर्षांत ती वाळून खडूसारखी होते आणि उष्णता पुढे पोचवत नाही.

इथे कूलर म्हणजे खिडकीतला नाही, प्रोसेसरवरचा पंखा-हीटसिंक. इंटेलच्या सोबत आलेल्या कूलरला चार पुश-पिना असतात. प्रत्येक पिनेच्या डोक्यावर बाण आहे. बाणाच्या दिशेनं पाव फेरा फिरवून वर ओढली की सुटते. बसवताना उलट फिरवून खाच मूळ जागी आणा आणि समोरासमोरच्या तिरप्या जोड्यांनी दाबा. प्रत्येक पिनेचा 'टक' आवाज यायला हवा. तीन पिना बसल्या आणि एक अर्धवट राहिली तर पेस्ट कितीही भारी असो, तापमान ढिम्म हलत नाही. जुन्या पिनांचं प्लॅस्टिक कडक होऊन तुटतं, तेव्हा सुट्या पिनांचा संच आधीच आणून ठेवा. सीताबर्डीच्या कॉम्प्युटर दुकानांत विचारलं की मिळतो.

एएमडीच्या एएम ४ सॉकेटच्या मदरबोर्डांचा धोका वेगळा आहे. तिथे पिना प्रोसेसरला असतात, आणि वाळलेल्या पेस्टनं चिकटलेला कूलर सरळ वर ओढला तर लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. पिना वाकल्या की मग मात्र खरंच नवीन घ्यायची वेळ येते. म्हणून आधी संगणक दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, बंद करून प्लग काढा, स्क्रू किंवा क्लिप सोडा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा. वर ओढायचं सगळ्यात शेवटी.

जुनी पेस्ट ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं आणि लिंट न सोडणाऱ्या कापडानं पुसा. चष्म्याचं फडकं चालतं, जुनी बनियन नको. नवी पेस्ट मधोमध, मुगाच्या दाण्याहून मोठी आणि वाटाण्याहून लहान. बोटानं पसरवू नका. दाब पडला की ती आपोआप पसरते. छोट्या डबीत मिळणारी पांढरी सिलिकॉन पेस्ट पन्नास रुपयांत मिळते, पण नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) संपेपर्यंतच टिकते. चार ग्रॅमची नळी काही शेकड्यांत येते आणि तीन-चार संगणकांना पुरते, तिथे काटकसर करू नका. पंख्याची तार मूळ जागीच, बोर्डावर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवर परत लावा. दुसरीकडे लावलीत तर बोर्ड सुरुवातीलाच पंखा नाही म्हणून तक्रार करतो.

हे सगळं करेपर्यंत, किंवा करायची हिंमत होत नसेल तर, एक फुकटचा उपाय. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग उघडा, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ करा. त्यानं प्रोसेसरचा टर्बो वेग (गरजेला थोडा वेळ वाढणारा जादा वेग) बंद होतो. टॅली, ब्राउझर, ऑनलाईन क्लास यांत फरक जाणवत नाही, आणि तापमान लक्षात येण्याइतकं उतरतं. दिवाळीनंतर पुन्हा १०० करा.

कूलर आणि जागा

लोक म्हणतात, कूलरच्या दमट हवेनं संगणकात पाणी साचतं. साचत नाही. हवेतली वाफ आपल्यापेक्षा थंड वस्तूवर पाणी होऊन बसते, आणि चालू संगणक खोलीतल्या हवेपेक्षा नेहमी गरमच असतो. उलट बाहेर ४३ अंश आणि हवा कोरडी असताना चांगला कूलर २८ च्या आसपास हवा फेकतो, म्हणजे प्रोसेसरवरचं ओझं १५ अंशांनी हलकं करतो. त्या अर्थानं कूलर संगणकाचा मित्रच.

शत्रू आहे तो कूलरमधून उडणारा थेंब. खस जुनी होऊन मधे विरळ झाली, पंपाचं पाणी गरजेपेक्षा जास्त सुटलं किंवा वरच्या पन्हाळीची छिद्रं क्षारांनी बुजून पाणी एकाच जागी पडायला लागलं, की पंखा ते पाणी ओढून खोलीत फवारतो. बोअरचं पाणी असेल तर प्रत्येक थेंबात क्षार असतात. थेंब सुकतो, पांढरा ठिपका उरतो. तो ठिपका दमट हवेत ओल धरतो आणि बोर्डावरच्या बारीक रेषांमधून वीज झिरपायला लागते. हे तपासायला काळा कागद किंवा बंद मॉनिटर पुरे. संगणकाच्या जागी तो अर्धा तास ठेवा. पांढरे ठिपके आले तर पंपाच्या नळीवर छोटी क्लिप लावून पाणी कमी करा, पन्हाळीची छिद्रं तारेनं मोकळी करा आणि खस दाबून सारखी पसरा. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण काढून टाका. क्षार कमी होतात आणि डासांचाही बंदोबस्त होतो.

संगणकाची जागा कूलरच्या झोताच्या रेषेत नको, बाजूला हवी. टेबलाच्या बंद कप्प्यातून त्याला आधी बाहेर काढा. तो कप्पा तीन बाजूंनी लाकडाचा असतो, आणि मागून निघालेली गरम हवा तिथेच फिरून पुढून पुन्हा आत जाते. मागे भिंतीपासून वीतभर मोकळी जागा हवी. जमिनीवर ठेवू नका. फरशी पुसताना पाणी जातं आणि सगळ्यात जास्त धूळ खालच्या वीतभरातच असते. वीतभर उंचीचा पाट किंवा ट्रॉली पुरते. कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवून चालवण्याचा जुगाड तापमानापुरता लागू पडतो, पण कूलरच्या खोलीत त्याची किंमत धूळ, थेंब आणि पालीच्या रूपानं चुकवावी लागते. मी तो सुचवणार नाही. आणि कूलर चालू असताना समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी असलीच पाहिजे. हवा बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होऊन कूलरचा गारवाच संपतो.

स्लॅबचाही विचार करा. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री आठ-नऊपर्यंत खाली उष्णता सोडत राहतं. गच्चीवर मार्चअखेर चुन्याचे किंवा परावर्तक पांढऱ्या रंगाचे दोन हात आणि वर हिरवी जाळी, एवढ्यानं खालची खोली काही अंशांनी उतरते. संगणकासाठी नाही, तर तुमच्यासाठी तरी करा.

लाईन, व्होल्टेज, अर्थिंग

साधा डिजिटल मल्टिमीटर काही शेकड्यांत मिळतो. त्यावर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टची रेंज निवडा, तारा व्होल्टच्याच भोकांत आहेत याची खात्री करा आणि संगणकाचा प्लग लागतो त्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये तीन मापं घ्या. हाताला पाणी नको, पायात चप्पल हवी. फेज ते न्यूट्रल: २३० च्या आसपास, २१६ ते २४४ पर्यंत ठीक. फेज ते अर्थ: जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ: दोन-तीन व्होल्टच्या आत. हे दुपारी तीनला आणि रात्री दहाला, सगळ्यांचे कूलर-एसी चालू असताना मोजा. सकाळचा आकडा काही कामाचा नाही.

फेज-अर्थ शून्य किंवा भलतंच काही दाखवत असेल तर अर्थिंग नाही. अशा घरात कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. तो गळका करंट बहुधा सप्लायच्या फिल्टरमधून येतो आणि अर्थ नसल्यानं बॉडीवर थांबतो. पण त्याच घरातला लोखंडी कूलर यापेक्षा कितीतरी धोक्याचा. पाणी, पत्रा आणि उघडी तार एकत्र आली की जीव जातो, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. कूलरला तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग आणि घराच्या डीबीत (मेन स्विचच्या पेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच); या तीन गोष्टींवर तडजोड नको. पाणी भरताना प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही.

व्होल्टेज रोज १८० च्या खाली जात असेल तर संगणकासाठी स्टॅबिलायझर घेऊ नका. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतो. त्याच्या बाजूच्या लेबलवर लिहिलेलं असतं. मात्र लेबलवर फक्त २००-२४० असेल तर तुमचा सप्लाय स्वस्तातला आहे आणि कमी व्होल्टेजला तोच आधी मान टाकतो. शिवाय दाब कमी झाला की तेवढ्याच कामासाठी तो जास्त करंट ओढतो, जास्त तापतो आणि दुपारी जातो. अशा वेळी ४५० वॅटचा, फुल रेंज (१००-२४० व्होल्ट) आणि ॲक्टिव्ह पीएफसी (लाईनमधून करंट सुरळीत ओढणारी रचना) लिहिलेला सप्लाय घ्या. संगणक बदलण्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ.

सगळे दिवे अचानक नेहमीपेक्षा प्रखर झाले, पंखा जोरात फिरायला लागला, तर विचार न करता मेन बंद करा. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सुटला की घरात ३०० व्होल्टच्या वर येऊ शकतात आणि चालू असलेलं सगळं एका दमात जळतं. डीबीत बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर यासाठीच असतो. वरची मर्यादा २७० आणि खालची १७० ठेवली की पुरे.

कूलर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर नकोत. कूलरची मोटर बंद होताना तारेत धक्का सोडते, आणि सैल सॉकेट असेल तर तिथे ठिणग्या पडून प्लॅस्टिक पिवळं पडतं. बोर्डाची पिवळी पडलेली भोकं आजच बदला.

यूपीएस आणि इन्व्हर्टर

तुमचा यूपीएस बहुधा ६०० व्हीएचा, म्हणजे सुमारे ३६० वॅटचा, आणि आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक सीलबंद बॅटरी. नवी असताना दीड-दोनशे वॅटच्या भारावर ती दहा मिनिटांच्या आसपास देते, त्याहून जास्त नाही. लेड-ॲसिड बॅटरीचा अंगठ्याचा नियम असा: २५ अंशांच्या वर प्रत्येक दहा अंशांना आयुष्य निम्मं. नागपूरच्या वरच्या मजल्यावर ती दोन उन्हाळे टिकली तर भरून पावली समजा. यूपीएस फेकू नका, बॅटरी बदला. प्लग काढून, खालचे स्क्रू सोडून, लाल तार प्लसला आणि काळी मायनसला. जुनी बॅटरी फुगलेली असेल तर स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू नका, बाजूचा पत्रा सैल करून काढा. ती दुकानदाराकडे परत द्या, थोडे पैसेही वजा होतात. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच नाही; तो तापताना ओढतो तेवढा करंट यूपीएसला झेपत नाही.

घरी इन्व्हर्टर असूनही लाईन गेली की संगणक रीस्टार्ट होतो, ही नागपुरातली नेहमीची तक्रार. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक बटण असतं, 'यूपीएस' आणि 'इको' किंवा 'नॉर्मल'. इकोमध्ये बदल व्हायला लागणारा वेळ संगणकाच्या सप्लायला सहन होत नाही. तो साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. यूपीएस मोडमध्ये बदल बराच लवकर होतो. मग सगळे यूपीएस मोडच का ठेवत नाहीत? कारण त्या मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टचीच लाईन स्वीकारतो. मे महिन्यात दुपारी व्होल्टेज १७५ वर आलं की लाईन असूनही तो बॅटरीवर जातो, पुन्हा येतो, पुन्हा जातो, आणि रात्री खरंच लाईन गेली तेव्हा बॅटरी रिकामी. ज्या भागात व्होल्टेज कमी, तिथे इन्व्हर्टर इको मोडवर ठेवून संगणकाला स्वतंत्र छोटा यूपीएस द्यावा. मधली ती क्षणभराची खिंड यूपीएस लढवतो, बाकी इन्व्हर्टर बघतो. इन्व्हर्टर प्युअर साईनवेव्ह, म्हणजे लाईनसारखीच गुळगुळीत लहरीची वीज देणारा, असेल तरच ही जोडी नीट जमते. स्क्वेअरवेव्ह असेल तर बरेच यूपीएस ती वीज लाईन म्हणून ओळखतच नाहीत.

इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीचं पाणी उन्हाळ्यात दर महिन्याला बघा. फक्त डिस्टिल्ड. आरओचं नाही, आणि एसीतून ठिबकणारं तर नाहीच. ते दिसायला स्वच्छ असलं तरी कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण घेऊन येतं.

वायफाय

संध्याकाळी वायफाय जातं तेव्हा दिवे बघा. राउटरचे सगळे दिवे विझून पुन्हा लागत असतील तर तो रीस्टार्ट होतोय, दोष बहुधा ॲडाप्टरचा. 'एलओएस' (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल असेल तर दोष फायबरच्या तारेचा, कंपनीला फोन करा. सगळे दिवे ठणठणीत आणि तरी नेट रांगतंय, तर चॅनेलवर गर्दी, २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल हातानं निवडा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

ॲडाप्टरचं कारण असं, की त्यातल्या कपॅसिटरचंही आयुष्य दर दहा अंशांना निम्मं होतं. मल्टिमीटरवर मोकळा ॲडाप्टर १२ दाखवतो आणि आपण फसतो. राउटर जोडलेला आणि चालू असताना १०-११ वर घसरतो, हे बघायला हवं. दुसरा घेताना व्होल्ट तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेची प्लस-मायनस खूण जुळलेली. घरगुती राउटर बहुतेक ० ते ४० अंशांसाठी बनवलेले असतात, आणि लोखंडी कपाटावर, स्लॅबच्या खाली फूटभर, तुमच्या खोलीत संध्याकाळी ४० कधीच ओलांडलेले असतात. राउटर छातीच्या उंचीवर आणा, भिंतीला उभा टांगा, फायबरच्या डबीवर त्याला बसवू नका. पाण्यानं भरलेला लोखंडी कूलर राउटर आणि तुमच्या मध्ये येत असेल तर सिग्नल तिथेच अर्धा होतो.

राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस उपयोगी आहे, फक्त डब्यावरचा आकडा नीट वाचा. १०,४०० मिलिअँपिअर-अवर हा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा हिशेब असतो. १२ व्होल्टवर त्याचे सुमारे ३,२०० उरतात. दहा वॅटच्या राउटरला तेवढ्यात तीनेक तास मिळतात, आणि त्यात लिथियम सेल असल्यानं त्यालाही स्लॅबखाली ठेवायचं नाही.

क्रम

या आठवड्यात: जागा बदला, 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करा, मल्टिमीटर आणून तीन मापं घ्या. पुढच्या रविवारी सकाळी सफाई, आणि लॉग पुन्हा बघा. दुपारचा आकडा ८५ च्या खाली आला तर पेस्टला हात लावायची घाई नाही. यूपीएसची बॅटरी मात्र लगेच. सप्लाय बदलायचा तो मापं आणि लेबल बघूनच. हे सगळं करूनही बंद पडत असेल, तर दुसऱ्याचा चालू सप्लाय दोन दिवस उसना लावून बघा. तरीही तेच झालं, तर मग मदरबोर्डचं नाव काढा.

हार्डडिस्क जुनी फिरती असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिचं तापमान बघून घ्या. दुपारी ५५ च्या वर जात असेल तर बॅकअप आजच, सफाईच्या आधी.

जूनच्या मध्याला पाऊस लागला की कूलरचा पंप बंद करा, नुसता पंखा चालवा. दमट हवेत पाणी सोडलं तरी काहीच गार होत नाही. संगणक वापरात नसला तरी दोन दिवसांआड तासभर चालू ठेवा, आतली ओल उबेनं निघते. पावसाआधीच्या वादळात कडकडाट सुरू झाला की प्लग काढा, बटण बंद करणं पुरेसं नाही. डिशची केबल आणि राउटरमधून संगणकाला येणारी लॅनची तारही काढा. फायबर काचेचं असल्यानं वीज आणत नाही, पण छतावरून आलेली तांब्याची कोणतीही तार आणते.